मनी प्लांट, मांजर आणि धोप्याची खाज

चंद्रपूर-गडचिरोलीकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. अंगणातली रोपं करपतात, पण घरात बाटलीभर पाण्यावर मनी प्लांट हिरवागार राहतो. त्याच सावलीला मांजरही पाय पसरून झोपतं. मग कोणीतरी विचारतं, हा वेल मांजराला चालतो का?

हा वेल आपला नाही. त्याचं मूळ घर प्रशांत महासागरातलं मोओरेआ बेट. 1880 साली युरोपातल्या अभ्यासकांनी त्याला ‘पोथॉस’ कुळात बसवलं. हा शब्द ‘पोथा’ या सिंहली नावावरून आलेला. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचं कुळ बदलत बदलत ‘एपिप्रेम्नम’पर्यंत आणलं, तरी बाजारात जुनं नाव टिकलं. या वेलाला फूल जवळजवळ येतच नाही. तो जगभर पसरला तो तोडलेल्या फांद्यांवर. चोरून आणलेला मनी प्लांट जास्त लाभतो, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नव्हे!

त्याची खरी ओळख मात्र आपल्या स्वयंपाकघरात आहे. विदर्भात अळूला धोपा म्हणतात. धोपा, सुरण आणि मनी प्लांट एकाच घराण्यातले. तिघांच्याही अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चा धोपा घशाला खाजतो तो यामुळेच. आपल्या आया-आज्यांनी तो चिंच घालून, नीट शिजवून खायला शिकवलं. मांजराला कोण शिजवून देणार? ते पान चावतं आणि सुया जीभ-टाळूत रुततात. लाळ गळते, तोंड पंजाने घासलं जातं, कधी उलटी होते. म्हणजे मनी प्लांट निर्धोक नाही, पण सहसा जीवही घेत नाही.

जीव घेणारी झाडं वेगळी. पावसाळ्यात झुडपांवर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी दिसायला देखणी. तिच्यातलं कोल्चिसिन माणसालाही मारतं. गुलदस्त्यातल्या लिलीचे नुसते परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ही फुलं मांजराच्या घरात नकोतच. मांजराने ती चाटल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

आम्हा मुसलमानांच्या घरांत मांजराला मोठा मान. पैगंबरांचे एक सोबती तर ‘अबू हुरैरा’, म्हणजे मांजरवाले, याच नावाने ओळखले जातात. पण मान दिला की राखणही आली. मनी प्लांट उंच टांगा, खाली लोंबणाऱ्या फांद्या छाटा. मांजराने पान चावलंच, तर तोंड ओल्या फडक्याने पुसा, थोडं पाणी पाजा. उलटी मुद्दाम करवू नका. सूज आली, श्वास अडला किंवा खाणं बंद झालं, तर गुरांचा दवाखाना गाठा.

आणि एका कुंडीत मूठभर गहू पेरा. हिरवं चघळायची हौस मांजराला असतेच. ती गव्हाच्या कोवळ्या पात्यांवर भागू द्या.