मोडलेला चिमटा आणि पिरेनीजमधील लोहारशाळा

१/
९ जुलै १९१३. पिरेनीज पर्वताच्या कुशीतील सेंत-मारी-द-काँपाँ या लहानशा फ्रेंच खेड्यात एक सायकलपटू सायकल वाहून नेत पायी येऊन पोहोचला. तूर द फ्रान्समध्ये त्या सकाळी तो एकूण क्रमवारीत दुसरा होता. खेड्यात त्याला एकच गोष्ट हवी होती : लोहाराची भट्टी.

२/
त्याचे नाव यूझेन क्रिस्तॉफ. जन्म १८८५, पॅरिसलगतच्या मालाकॉफ येथे. सायकलपटू होण्यापूर्वी तो कुलुपे बनविणारा कारागीर होता. १९१० साली हिमवर्षावात झालेली मिलान–सान रेमो शर्यत त्याने जिंकली होती आणि १९१२ च्या तूरमध्ये तो दुसरा आला होता. १९१३ मध्ये तो प्यूजो संघाकडून धावत होता.

३/
पुढे जे घडले ते समजण्यासाठी त्या वर्षीचा एक बदल ध्यानात घेतला पाहिजे. १९०५ ते १९१२ या काळात तूरचा विजेता गुणांवर ठरत असे. टप्प्यात कितवा आलात, एवढेच मोजले जाई. पाच मिनिटे मागे पडा वा पाच तास, नुकसानीला मर्यादा होती. १९१३ मध्ये पुन्हा एकूण वेळ मोजण्याची पद्धत आली. आता वाया गेलेला प्रत्येक तास शेवटपर्यंत खात्यावर राहणार होता.

४/
सहावा टप्पा बायोन ते लुशाँ, ३२६ किलोमीटरांचा. वाटेत ओबिस्क, तूरमाले, आस्पाँ आणि पेरसूर्द हे घाट. आघाडीवर असलेला बेल्जियमचा ओदिल दफ्रे, म्हणजे आदल्या वर्षीचा विजेता, त्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडला. क्रिस्तॉफसमोरची वाट मोकळी झाली होती. २,११५ मीटर उंचीचा तूरमाले त्याने चढून पार केला आणि उतार सुरू झाला.

५/
त्या उतारावर त्याच्या सायकलीचा चिमटा मोडला. पुढचे चाक ज्यात बसते आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का जो प्रथम सोसतो, तो हा भाग. पोलाद बहुधा एका फटक्यात तुटत नाही. हजारो धक्क्यांनी जोडापाशी केसासारखी चीर पडते, ती आतल्या आत वाढत जाते आणि उरलेले धातू भार पेलू शकत नाही तेव्हा तुकडा पडतो. त्या काळचे घाटरस्ते खडीचे आणि चाकोऱ्यांनी फाटलेले होते.

६/
दुसरी सायकल का घेतली नाही? कारण नियम. शर्यतीचा जनक आँरी देग्रांज याची श्रद्धा अशी की ही कसोटी एकट्या माणसाची आहे. संघाने पुरविलेली नवी सायकल नको, मेकॅनिकचा हात नको. मोडले तर स्वाराने स्वतः दुरुस्त करावे. क्रिस्तॉफच्या खिशात पैसे किती होते, याला त्यामुळे अर्थच नव्हता. विकत घेता येण्याजोगे काहीही त्याला वर्ज्य होते.

७/
सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक उतार चालला. मागे टाकलेले स्पर्धक एकामागून एक पुढे निघून गेले. खेड्यात लोहारशाळा सापडली, पण पाठोपाठ शर्यतीचे पंचही हजर झाले. लोहाराने हातोड्याला हात लावला, तर क्रिस्तॉफला दंड होणार होता.

८/
लोहाराला हात लावायला बंदी होती, बोलायला नव्हती. कसे तापवायचे, कुठे ठोकायचे हे तो सांगत राहिला आणि क्रिस्तॉफ करीत राहिला. येथे त्याचा जुना धंदा कामी आला. कुलुपे घडविणाऱ्याला कानस, सांडस आणि ऐरण परकी नव्हती. निव्वळ सायकलपटू असता, तर त्याला त्या सूचनांचा अर्थही लागला नसता.

९/
काम अवघड का होते? भट्टीत दोन तुकडे ठोकून एकजीव करायचे, तर पोलाद लालबुंद होऊन भागत नाही. ते पिवळसर-पांढरे व्हावे लागते. थोडे कमी तापले तर जोड बसत नाही, थोडे जास्त तापले तर ठिणग्या उडून धातू जळते. सायकलीच्या नळीची भिंत पातळ असल्याने या दोन्हींमधले अंतर फारच थोडे. पितळेचा डाख द्यायला याहून कमी उष्णता पुरते, पण त्यालाही नेटके बसविलेले, स्वच्छ घासलेले तोंड लागते.

१०/
त्यात अडचण हातांची. एका हाताने सांडस धरायची, दुसऱ्याने हातोडा मारायचा. मग भाता कोणी चालवायचा? तेथल्या एका लहान मुलाने तो चालविला. पंचांनी हे पाहिले आणि त्याची नोंद केली. या साहाय्याबद्दल क्रिस्तॉफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो कमी करून तीन मिनिटांवर आणला गेला.

११/
काही तासांनी चिमटा उभा राहिला. क्रिस्तॉफ पुन्हा सायकलीवर बसला. आस्पाँ आणि पेरसूर्द हे दोन घाट अजून बाकी होते, आणि त्यांचे उतार त्याला आपल्याच हातच्या जोडावर भरवसा ठेवून उतरायचे होते. जोड टिकला. लुशाँला तो विजेत्या फिलिप थिसच्या मागे जवळजवळ चार तासांनी पोहोचला.

१२/
तो दिवस नीट गेला असता तर क्रिस्तॉफने तूर जिंकलीच असती, असे म्हणता येत नाही. अजून नऊ टप्पे उरले होते. पण वेळेच्या हिशेबात ते चार तास भरून निघणे अशक्य होते. पॅरिसमध्ये थिस विजेता ठरला, क्रिस्तॉफ सातवा.

१३/
महायुद्धानंतर १९१९ साली तूर पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी पिवळी जर्सी प्रथमच देण्यात आली आणि ती घालणारा पहिला स्वार क्रिस्तॉफ होता. शेवटून दुसऱ्या टप्प्यात, मेट्झ ते डंकर्क या वाटेवर व्हालाँसियेनजवळच्या दगडी रस्त्यांवर त्याचा चिमटा पुन्हा मोडला. दुरुस्तीत तासाहून अधिक वेळ गेला. फर्माँ लाँबो जिंकला आणि क्रिस्तॉफ तिसरा आला. हळहळलेल्या वाचकांनी ‘लोतो’ या वृत्तपत्रामार्फत त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली. १९२२ मध्ये गालिबिये घाटात चिमटा तिसऱ्यांदा मोडला.

१४/
देग्रांजचा नियम क्रूर वाटतो, पण त्यामागे एक प्रामाणिक प्रश्न होता : शर्यत माणसांची की कारखान्यांची? श्रीमंत कंपनीच्या स्वाराला वाटेत दहा सायकली मिळाल्या, तर एकट्याने धावणाऱ्या गरीब स्वाराने काय करावे? मात्र हाच नियम भाता ओढणाऱ्या मुलापाशी येऊन थांबला, तेव्हा न्याय कुठे संपला आणि हट्ट कुठे सुरू झाला, हे पंचांनाही ठरविता आले नसावे. दंड उतरविला गेला, तो बहुधा म्हणूनच.

१५/
क्रिस्तॉफने तूर कधीच जिंकली नाही. १९७० साली त्याचे निधन झाले. परंतु त्याच्या हयातीतच, १९५१ मध्ये, सेंत-मारी-द-काँपाँ येथे त्या दुरुस्तीच्या स्मरणार्थ फलक बसविण्यात आला. त्या टप्प्याचा विजेता थिस पुढे तीन वेळा तूर जिंकणारा पहिला स्वार ठरला. तरीही तूरमालेखालच्या त्या खेड्यात फलक आहे तो चार तास उशिरा पोहोचलेल्या कारागिराचा.