बंद डब्यातली गाळणी

फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या वर बनली आणि त्यातल्या एकाही गाडीला कारखान्यातून ऑइल फिल्टर बसून आला नाही. ऑइल पंपसुद्धा नव्हता. फिरतं फ्लायव्हील खालच्या चेंबरमधलं तेल उडवायचं, त्यातलं थोडं एका नळीतून पुढे जायचं आणि बाकीच्या इंजिनाचं शिंतोड्यांवर भागायचं. रस्ते मातीचे, धूळ इंजिनात सर्रास शिरायची आणि तेलात मिसळून बेअरिंगा घासायची. यावर उपाय एकच होता: काही शे मैल झाले की चेंबरचा नट सोडायचा, काळं तेल ओतून द्यायचं आणि नवं भरायचं. गाडी ठेवणाऱ्या कुटुंबाला हे काम चाक पंक्चर होण्याइतकं नेहमीचं होतं.

तेल फेकण्याऐवजी गाळून पुन्हा वापरता येईल, हा विचार कॅलिफोर्नियात अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी १९२३ मध्ये धंद्यात उतरवला. त्यांच्या उपकरणाचं नाव प्युरोलेटर. आतमध्ये भोकं पाडलेल्या पत्र्याच्या चकत्या, त्यांवर घट्ट विणीचं कापड; तेल कापडातून पलीकडे जायचं आणि गाळ अलीकडे राहायचा. वॉल्टर क्रायस्लरने १९२४ मध्ये स्वतःच्या नावाची पहिली गाडी बाजारात आणली तेव्हा तिच्यावर हा फिल्टर होता. सुरुवातीच्या या रचनेत तेल वाहतंय की नाही हे डोळ्यांनी पाहण्याची सोय ठेवली होती. ही सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या तीस वर्षांत नेमकी तीच नाहीशी झाली आणि फिल्टर निवडण्याचे सगळे वाद तिथून सुरू झाले.

तेव्हाचे फिल्टर ‘बायपास’ जातीचे होते. पंपातून निघालेल्या तेलाचा लहानसा वाटा एका बारीक भोकातून फिल्टरकडे वळायचा आणि गाळून परत चेंबरमध्ये पडायचा. उरलेलं सगळं तेल न गाळताच बेअरिंगांकडे जायचं. फिल्टर तुंबला तरी इंजिन उपाशी राहत नसे, हा या पद्धतीचा फायदा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या इंजिनाशेजारी उभा असलेला, दोन बारीक नळ्यांनी जोडलेला डबा म्हणजे हाच फिल्टर. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राने विलिज जीपची जोडणी सुरू केली, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांनाही हा डबा परिचयाचा होता. झाकण उघडायचं, आतलं काडतूस उपसायचं, तळाशी साचलेला डांबरासारखा गाळ चिंधीने पुसून काढायचा आणि नवं काडतूस बसवायचं. काम घाणेरडं होतं खरं, पण तो गाळ बोटांनी चोळला की इंजिनाची तब्येत कळत असे. चकाकणारे कण हाताला लागले तर बेअरिंग खाल्लं जातंय हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

युद्धानंतर दोन गोष्टी बदलल्या. १९४६ मध्ये प्युरोलेटरने राळेत भिजवलेल्या, घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर आणला. मूठभर जागेत पंख्यासारख्या घड्या घालून बराच कागद मावू लागला, म्हणून पंपातलं सगळंच तेल त्यातून नेणं शक्य झालं. याला ‘फुल-फ्लो’ म्हणतात. त्यात एक धोका होता: कागद तुंबला, किंवा थंडीत तेल घट्ट झालं, तर बेअरिंगांना तेलच मिळणार नाही. म्हणून एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आला. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की तो उघडतो आणि न गाळलेलं तेल सरळ आत सोडतो. घाणेरडं तेल परवडलं, पण कोरडं इंजिन नको, असा हा सौदा आहे.

दुसरा बदल १९५४चा. उत्तर कॅरोलायनातल्या गॅस्टोनिया गावी १९३९ मध्ये सुरू झालेल्या विक्स कंपनीने डबा, कागद, व्हॉल्व्ह आणि रबरी रिंग यांची एकच सीलबंद वस्तू केली. हिला ‘स्पिन-ऑन’ म्हणतात. जुना डबा फिरवून काढा, नव्याच्या रिंगला तेलाचं बोट लावा, हाताने आवळा, झालं. गॅरेजवाल्याचे हात स्वच्छ राहिले, काम मिनिटांवर आलं, आणि घरच्या अंगणात तेल बदलणारा बाप अमेरिकेत शनिवार-रविवारचं नेहमीचं दृश्य झाला. सगळ्यांनी मात्र ही वाट धरली नाही. फोक्सवॅगनची हवेवर थंड होणारी बीटल दशकानुदशकं फक्त तारेच्या जाळीवर चालली, आणि हिरो होंडाच्या सीडी १०० व स्प्लेंडरने फिरत्या भांड्यात गाळ कडेला फेकणारी पद्धत ठेवली, ज्यात विकत घेण्यासारखा फिल्टरच नाही.

डबा बंद झाला आणि गिऱ्हाइकाला माल पाहून घेता येईनासा झाला. बाहेरून रंग दिसतो आणि नंबर दिसतो, बस. त्यामुळे दुकानाच्या काउंटरवर जाड क्रॉस-रेफरन्स पुस्तकं आली. फोर्डचा एफएल-१ए हा फ्रॅम या फिल्टर कंपनीच्या यादीत पीएच८ए होतो, विक्सकडे ५१५१५ आणि प्युरोलेटरकडे एल३०००१. चौघांचे आटे एकच: पाऊण इंच व्यास आणि इंचाला सोळा. होंडा, निसानच्या अनेक गाड्यांचे आटे मात्र २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, म्हणजे दोहोंत एक मिलिमीटरचाही फरक नाही. २० मिलिमीटरचा डबा पाऊण इंची नळीवर चढतो, दोन-चार फेरे फिरतो, आवळल्यासारखा वाटतोही. पण आटे नुसते कडेवर टेकलेले असतात. इंजिन गरम होऊन दाब वाढला की तो निसटू शकतो आणि पाहता पाहता चेंबर रिकामा होतो. ‘बसतोय की, चालेल’ हे वाक्य फिल्टरच्या बाबतीत महागात पडतं.

डब्याच्या आतलं गिऱ्हाइकाला दिसत नव्हतं, म्हणून ते सांगण्याचं काम जाहिरातींनी उचललं. १९७०च्या दशकात फ्रॅमच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत एक मेकॅनिक उघडलेल्या इंजिनाशेजारी उभा राहून सांगायचा की पैसे आत्ता द्या, नाहीतर नंतर द्यावेच लागतील. धमकी म्हणून ती उत्तम होती. हाच फिल्टर का घ्यावा, याचं उत्तर तिच्यात नव्हतं. गाडीकंपन्यांचं उत्तर त्याहून सोपं होतं: आमचाच घ्या. १९७५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मॅग्नसन-मॉस कायदा करून त्याला आळा घातला. एखाद्या ब्रँडचा भाग फुकट दिल्याशिवाय, किंवा सरकारी आयोगाची खास सूट असल्याशिवाय, तोच वापरण्याच्या अटीवर वॉरंटी बांधता येणार नाही, असं त्याने ठरवलं. दुकानातल्या फळीवरचे दहा रंगांचे डबे एकमेकांशी ताडून पाहण्याला त्यानंतर खरा अर्थ आला.

पण ताडायचं कशावर? प्रयोगशाळांत त्याचं उत्तर शोधलं जात होतं, आणि त्यासाठी लागणारी धूळ ॲरिझोनाच्या सॉल्ट रिव्हर खोऱ्यातून यायची. जनरल मोटर्सच्या एसी विभागाने ती चाळून, प्रतवारी करून जगभर पुरवली. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात हायड्रॉलिक फिल्टरांसाठी बांधलेली ‘मल्टिपास’ चाचणी इंजिनाच्या फिल्टरांना लागू झाली आणि २०००मध्ये आयएसओ ४५४८-१२ या प्रमाणात छापली गेली. तीत तेल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरतं, त्यात सतत धूळ मिसळली जाते, आणि फिल्टरच्या आधी व नंतर किती मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किती कण आहेत हे मोजलं जातं. शंभर कण आत आणि एक बाहेर, म्हणजे ९९ टक्के. यातली ग्यानबाची मेख मायक्रॉनमध्ये आहे. ‘९९ टक्के’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापणारा ते २० मायक्रॉनला की ४० मायक्रॉनला, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सांगतो, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जनरल मोटर्समधून १९८८ मध्ये आलेल्या एका शोधनिबंधात ४० मायक्रॉनच्या फिल्टरऐवजी ३० मायक्रॉनचा लावल्यावर इंजिनाची झीज निम्म्यावर आली, आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्क्यांनी घटली. जाहिरातदारांना हा आकडा फार आवडतो. मात्र त्या चाचणीत इंजिनांना मुद्दाम धूळ पाजली होती, हे सांगायचं ते सोयीस्करपणे विसरतात.

प्रमाणित चाचणीचे आकडे सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती क्वचितच येत. मग १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या गाडीवेड्या माणसांनी सरळ हॅक्सॉ हातात घेतली. एकाच गाडीला बसणारे सगळे फिल्टर आणायचे, कापायचे, आतला कागद टेबलावर अंथरून मोजायचा. मिनीव्हॅनसारख्या घरगुती गाड्यांचे स्वस्त फिल्टर या टेबलांवर हमखास दिसत. काहींमध्ये घड्यांची टोकं पत्र्याच्या टोपीत बसवलेली, तर फ्रॅमच्या स्वस्त मालिकेत पुठ्ठ्याच्या चकतीला चिकटवलेली. या पुठ्ठ्यावरून पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली, पण पुठ्ठा पाहून किती मायक्रॉनचा कण अडतो हे काही कळत नाही. त्यापेक्षा उपयोगी निरीक्षण झालं ते परतीचं तेल अडवणाऱ्या रबरी पडद्याचं. साधं नायट्राइल रबर उष्णतेने कडक होतं, सिलिकॉन टिकतं. पडदा कडक झाला की आडव्या बसवलेल्या फिल्टरमधलं तेल रात्रीतून खाली उतरतं आणि सकाळी इंजिन सुरू होताना क्षणभर कोरडं खडखडतं.

कापाकापी करणारे विक्स चांगला की प्युरोलेटर, यावर हिरिरीने वाद घालत राहिले, आणि इकडे मालकी बदलत गेली. जर्मनीच्या मान+हुमेलने २००६ मध्ये बॉशच्या भागीदारीत प्युरोलेटर घेतली, पुढे ती पूर्ण आपली केली, आणि २०१६ मध्ये विक्सही विकत घेतली.

भारतात घरच्या गाडीचा फिल्टर सर्वसामान्यांच्या बोलण्यात आला तो १९८३च्या मारुती ८०० नंतर. दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत काउंटरवरचा प्रश्न मायक्रॉनचा नव्हता. ‘ओरिजिनल देऊ का लोकल?’ एवढाच होता, आणि त्यामागे डुप्लिकेटची भीती. कंपनीचं खोकं, होलोग्राम, नंबर सगळं जसंच्या तसं, पण आत कागद किती आणि व्हॉल्व्ह आहे की नाही, हे डबा कापल्याशिवाय कळत नाही. मॅग्नसन-मॉससारखा कायदा आपल्याकडे नसल्यामुळे वॉरंटीच्या धाकाने बरेच जण अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जात राहिले. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारापासून अडवून ठेवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. टाटा मोटर्स आणि महिंद्रा या मुंबईच्या दोन कंपन्याही त्यांत होत्या. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबलं.

दरम्यान युरोपातल्या कारखान्यांनी पत्र्याचा कचरा वाचवायला पुन्हा नुसत्या कागदी काडतुसाकडे मोर्चा वळवला होता. २००७मध्ये आलेल्या डिझेल स्विफ्टच्या फियाट इंजिनात तेच होतं: प्लॅस्टिकचं झाकण पान्याने उघडायचं, काडतूस बदलायचं. त्या खोक्यात काडतुसासोबत झाकणाची नवी रबरी रिंग येते. गॅरेजमध्ये घाईत जुनीच राहते, आणि मग आठवड्याभरात गाडीखाली तेलाचे थेंब दिसले की दोष फिल्टरच्या कंपनीवर जातो.