हायडेलबर्गहून मोहालीला

११ ऑगस्ट २००८. तुम्ही चंदीगडमध्ये आहात आणि कानाशी ढोल वाजतोय. बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकलंय. ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण, आणि तेही इथल्या पोराचं! कुणीतरी तुमच्या हातावर लाडू ठेवतं. खा तो, आनंद खराच आहे. मग महिना तोच ठेवा आणि छत्तीस वर्षं मागे चला.

ऑगस्ट १९७२, पश्चिम जर्मनीतलं हायडेलबर्ग. म्युनिकचं ऑलिंपिक अजून सुरू व्हायचंय. ते संपताच तिथल्या क्रीडाग्रामाचे फ्लॅट व्हायचेत, म्हणून पॅरालिंपिक इथे भरलंय. तुम्ही तलावाच्या काठावर आहात. पन्नास मीटर फ्रीस्टाइल. पाण्यात जो भारतीय आहे तो सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. मुरलीकांत पेटकर. सैन्याच्या ईएमई दलाचा माणूस, एके काळचा बॉक्सर. त्याच्या खांद्यांकडे नीट बघा, कारण सगळी शर्यत तिथेच चाललीय. पाय निर्जीव, पाण्यातून मागे ओढले जातायत. ठोसे मारायला घडवलेले दंड आता पाणी कापतात. ३७.३३ सेकंद. विश्वविक्रम, आणि पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. भालाफेक आणि व्हीलचेअर स्लालममध्येही याच स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत जातो.

इथे ढोल नाही. या माणसाला पद्मश्री मिळायला २०१८ उजाडेल. मधली शेहेचाळीस वर्षं मला अजून सलतात.

आणखी मागे. सप्टेंबर १९६५, सियालकोट आघाडी. इथे तुम्हाला फार वेळ ठेवणार नाही. वरून विमानं येतात, गोळ्यांचा वर्षाव होतो, पेटकर कोसळतात. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून बसते, ती कायमचीच.

थांबायचं ते मुंबईत, कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, आयएनएचएस अश्विनीत. खाटेजवळ बसा. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला आपण कधीपासून एकाच कुशीवर आहोत हे कळत नाही. चादरीची सुरकुती टोचत नाही. त्वचेवर आधी लाली येते, मग जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. लघवीचा मार्ग तुंबतो, जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. दुसऱ्या महायुद्धाआधी मणक्याला मार बसलेले बहुतेक सैनिक यातच, वर्षा-दोन वर्षांत जात. शत्रूची गोळी चुकवून अंथरुणात मरण!

हे लुडविग गटमान या डॉक्टरने ओळखलं होतं. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात तो रुग्णांना ठरावीक वेळाने कूस बदलायला लावी, उठवून बसवी आणि हातात धनुष्य देई. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्याने सोळा जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. त्यात दोन स्त्रिया होत्या. पॅरालिंपिकचं मूळ तिथलं. धनुष्य ओढताना छाती-पाठीचे स्नायू कमावले जातात, आणि त्यांच्याच जोरावर माणूस स्वतःला खाटेवरून खुर्चीत घेतो. जखमी सैनिकाचा खेळ औषधाच्या यादीतला आहे, मनोरंजनाच्या नव्हे. पदक मागाहून येतं. पेटकरांना पोहायला लावलं ते उपचार म्हणूनच. १९६८ला तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळून आले, आणि पुढे पाण्याने त्यांना हायडेलबर्गला नेलं. परदेशी जाण्याच्या खर्चाला माजी कसोटीवीर विजय मर्चंट यांचा हात लागला, सरकारचा नव्हे. हेही लक्षात ठेवा.

आता पुढे या. १९७४ला पुण्याजवळ खडकीत पक्षाघातग्रस्त सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उघडलंय. १९७८. तुम्ही पुन्हा चंदीगडपाशी आहात, शहराला लागून असलेल्या मोहालीत. तसंच दुसरं केंद्र इथे नुकतंच सुरू झालंय. इथून पुढे सीमेवरचे, बर्फातले, सुरुंगाने आणि अपघाताने कमरेखाली लुळे पडलेले किती जवान येणार आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. इथल्या कुणालाच नाही. खडकीतल्याच लष्कराच्या बीईजी केंद्रात सराव करणारा, सुरुंगस्फोटात पाय गमावलेला नागालँडचा होकातो सेमा २०२४ला पॅरिसमध्ये गोळाफेकीचं ब्राँझ जिंकेल, १४.६५ मीटर. तेही फक्त तुम्हालाच ठाऊक.

खाटेवर एक तरुण जवान छताकडे बघत पडलाय. त्याला पेटकरांची गोष्ट सांगा. रडवू नका, बारकाव्यानिशी सांगा. तो आधी ऐकतच नाही. मग मान वळवतो. "पैर नीचे नहीं खींचते, साहब?"

खींचते हैं, म्हणा. म्हणून डोकं पाण्यात खाली दाबायचं, म्हणजे कंबर वर येते. श्वासाला मान फक्त बाजूला वळवायची, वर उचलायची नाही. हात पुढे पूर्ण लांबवून मगच पाणी मागे ढकलायचं. आणि तलावाच्या काठावर बसताना खाली उशी हवीच, कारण खरचटलेलं त्याला कळणार नाही. तो हात डोक्यामागे नेऊन ताणून बघतो. त्याला सांगा, कोपर जरा उंच.