तुर्की मकाम, टँगो आणि ज्यू संगीतकार

तुर्की संगीतावर व अर्जेंटिनाच्या टँगोवर ज्यू संगीतकारांनी प्रभाव पाडला, असे विधान वारंवार केले जाते. ज्यूंचे असे एक सामायिक संगीत होते आणि जेथे ते गेले तेथे त्यांनी ते रुजविले, हे गृहीत त्यामागे दडलेले असते. इतिहास या गृहीताला दुजोरा देत नाही.

इ. स. १४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार झालेले ज्यू मोठ्या संख्येने ऑटोमन साम्राज्यात स्थिरावले आणि तेथील मकामपद्धती त्यांनी आत्मसात केली. (मकामाची आपल्या रागाशी तुलना करता येते, ती फार ताणू मात्र नये.) इस्राएल नजारा याने तुर्की चालींवर हिब्रू स्तोत्रे रचली, एदिर्ने येथे मकामबद्ध स्तोत्रगायनाची 'मफ्तिरिम' परंपरा नांदली. म्हणजे आरंभी येथे देण्यापेक्षा घेणेच अधिक होते. पुढे तंबुरी इझाक हा ज्यू वादक सुलतान तिसरा सेलीम (कारकीर्द १७८९–१८०७) याचा तंबूरगुरू झाला. सेलीम स्वतः श्रेष्ठ रचनाकार होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या गुरुपदाचे मोल कळते. इझाकचे पेश्रेव आजही वाजविले जातात. त्यांवरून रचनाकाराचा धर्म ओळखता येणार नाही.

ब्वेनोस आइरेसमधील ज्यू वादक बहुतांशी पूर्व युरोपीय कुटुंबांतले. मकामाशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांचे वाद्य व्हायोलिन. आस्तोर पिआसोलाच्या १९६० च्या पंचकातील सिमोन बाजूर हा त्यांपैकीच. तथापि टँगोला अधिक वळण लावले ते, आमच्या मते, एका व्यापाऱ्याने. चेर्नोव्हित्झ येथे १८७५ मध्ये जन्मलेल्या माक्स ग्लुक्समानच्या कंपनीसाठी कार्लोस गार्देलने १९१७ मध्ये 'मि नोचे त्रिस्ते' ध्वनिमुद्रित केले आणि नृत्यप्रधान टँगो गीतप्रधान होऊ लागला.

या दोन्ही प्रदेशांत वावरलेला गायक म्हणजे इसाक अल्गाझी. इझमीर येथे १८८९ मध्ये एका प्रार्थनागायकाच्या घरी तो जन्मला. तुर्की गझल, हिब्रू स्तोत्रे व लादिनो गीते या तिन्हींच्या त्याच्या ध्वनिमुद्रिका आहेत. १९३३ मध्ये त्याने तुर्कस्तान सोडले आणि पॅरिसमार्गे १९३५ मध्ये तो माँटेव्हिडिओस पोहोचला. प्लाता नदीकाठचे हे शहर टँगोचे दुसरे माहेरच. तेथे १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो राहिला, परंतु सेफार्दी समाजाचा प्रार्थनागायक म्हणून. टँगोच्या इतिहासात त्याचे नाव आढळत नाही.