जपानचा पिवळा वसंत

दुसऱ्या महायुद्धात उजाड झालेल्या डोंगरांवर जपानने सुगी या सूचिपर्णी वृक्षाची बेसुमार लागवड केली. घरांना लाकूड हवे होते. पुढे आयातीचे लाकूड स्वस्त पडू लागले आणि झाडे तोडायची राहून गेली. तिशीतले सुगी भरभरून फुलते. फांद्यांच्या टोकांना तांदळाएवढ्या नरफुलांचे घोस लगडतात आणि वारा सुटला की पिवळा धूर उठावा तसे परागकण उडतात. त्यांच्या ॲलर्जीची पहिली नोंद १९६४ची, जपानमधल्या निक्कोची. कान-नाक-घसा तज्ज्ञ व त्यांच्या कुटुंबीयांच्या पाहणीत ही ॲलर्जी असणाऱ्यांचे प्रमाण १९९८मध्ये १६.२ टक्के होते, २०१९मध्ये ३८.८.

ही वाढ तापमानवाढीशी जोडली, की दोष लागवडीचा, तापमानवाढीचा नव्हे, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा. झाडे किती, हे लागवडीने ठरवले. ती कधी आणि किती फुलणार, हे हवामान ठरवते. आदला उन्हाळा कडक गेला की नरफुले जास्त धरतात, जानेवारीनंतर ऊब लवकर आली की पराग लवकर सुटतात. हिवाळाच उबदार असला तर कळ्यांची सुप्तावस्था उशिरा मोडते, हेही खरे. म्हणून हंगाम दरवर्षी अलीकडे येतोच असे नाही. दहा वर्षांत सुगीची रोपवने २० टक्क्यांनी घटवण्याचा सरकारचा २०२३चा निर्णय योग्यच आहे, पण मला तो अपुरा वाटतो: उरलेली झाडे अधिक तापलेल्या उन्हाळ्यांतच कळ्या धरणार आहेत.