सरकारने शेतजमीन घेतली, तर मुद्रांक शुल्क आणि आयकर कोणावर?

धारवाड : रस्ता, रेल्वे किंवा औद्योगिक वसाहतीसाठी जमीन गेली की घरात पहिला प्रश्न, हातात पडणार किती? वाटा धारवाडकडे आणि राहणं बेळगाव-कोल्हापूरला, अशा घरांनी तर हे आधीच समजून घ्यावं.

मुद्रांक शुल्काचं सोपं आहे. खरेदीखतावर ते एरवी खरेदीदार भरतो. खरेदीदार सरकारच असेल तर कर्नाटक मुद्रांक कायदा 1957 च्या कलम 3 नुसार सूट मिळते. शेतकऱ्याच्या खिशाला हात लागत नाही.

आयकराचं मात्र तसं नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 96 नुसार निवाड्यावर वा करारावर ना आयकर, ना मुद्रांक शुल्क. पण ही सूट 'या कायद्याखालील' संपादनाला आहे. केआयएडीबी जमीन घेते ती 1966 च्या स्वतंत्र कायद्याने, म्हणून तिथे कलम 96 आपोआप लागू होतं असं धरून चालू नये. नोटिशीत कोणता कायदा लिहिलाय ते आधी बघा.

कलम 96 नसलं तर अंतर मोजावं लागतं. ग्रामीण शेतजमीन आयकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे नफ्यावर कर नाही. 2011 च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची लोकसंख्या सुमारे 9.43 लाख होती. म्हणून महापालिका हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरच्या आतली जमीन शहरी. पुढच्या जनगणनेत आकडा दहा लाखांवर गेला तर ही रेषा 8 किलोमीटरवर सरकेल आणि आज ग्रामीण असलेला सर्व्हे नंबर उद्या शहरी ठरेल! उणकलसारखी हद्दीतली गावं तर शहरीच.

शहरी शेतजमिनीलाही सक्तीच्या संपादनात सूट आहे; अट एवढीच की आधीची दोन वर्षं मालकाने किंवा त्याच्या आईवडिलांनी तिथे शेती केलेली हवी. दर वाटाघाटीने ठरला तरी संपादन सक्तीचंच राहतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये केरळच्या टेक्नोपार्क जमिनीच्या प्रकरणात म्हटलं आहे. भरपाई उशिरा मिळाल्याबद्दलचं व्याज मात्र वेगळं धरतात. त्यातली निम्मी रक्कम वजा होऊन उरलेल्यावर कर लागतो.

बिगरशेती जमिनीची भरपाई 5 लाखांवर गेली की 10 टक्के टीडीएस कापतात. शेतजमिनीवर तो नाही, पण पहाणीत पिकाचा रकाना कोरा असेल तर वाद होतो. तेव्हा निवाड्याआधीच पहाणीचा उतारा काढून पिकाची नोंद तपासून घ्या.