तुरुंग कर्मचारी व आघातोत्तर तणाव विकार (ऑन्टारिओ)

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने तुरुंग कर्मचाऱ्यांच्या मानसिक आघाताला कामगार भरपाई कायद्यात दिलेली मान्यता. 1914 च्या कायद्याने तेथे दोष कोणाचा हे न पाहता भरपाई देण्याची आणि त्या बदल्यात कामगाराने मालकावर खटला न भरण्याची पद्धत रुजवली. मोडलेला हात दाखवता येतो. पण गळफास घेतलेल्या कैद्याला खाली उतरवणाऱ्या, कैद्यांच्या हाणामाऱ्यांत वारंवार सापडणाऱ्या रक्षकाची झोप कामामुळेच उडाली, हे त्यानेच सिद्ध करायचे, हा उघड अन्याय होता. एप्रिल 2016 च्या दुरुस्तीने हे ओझे उतरवले. मानसोपचारतज्ज्ञाने किंवा मानसशास्त्रज्ञाने आघातोत्तर तणाव विकाराचे निदान केले, की तो कामातूनच उद्भवला असे गृहीत धरतात; विरुद्ध पुरावा पुढे आला तरच ते गृहीतक ढळते. पोलीस, अग्निशामक व रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने तुरुंग कर्मचारी यात आले. शिस्तभंगाची कारवाई, कामातील बदल किंवा बडतर्फी यांसारख्या मालकाच्या निर्णयांतून जडलेला विकार मात्र वगळलेला आहे. त्याच देशातील अल्बर्टा प्रांताने पोलीस व अग्निशामकांना असे संरक्षण 2012 मध्येच दिले होते. तुरुंगरक्षकांना तेथे ते 2018 मध्ये मिळाले.